चिंधी मालकाची, कानस कारागिराची

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे गाव ऑगस्ट २०२१मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं. वेल्डिंग आणि पत्राकाम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने तिथे एकट्याने बसेल एवढं हेलिकॉप्टर बांधलं होतं. इंजिन जुन्या मारुती मोटारीचं होतं, सांगाडा स्वतः जोडलेला होता. दोन वर्षं तो त्यासाठी झटत होता आणि स्वातंत्र्यदिनी ते गावासमोर उडवायची त्याची इच्छा होती. त्याआधी काही दिवस रात्रीच्या वेळी चाचणी सुरू असताना शेपटीकडचं पातं तुटलं, मुख्य पंख्यावर आदळलं आणि डोक्याला जबर मार लागून त्या मुलाचा जीव गेला.

त्याचं कसब खरं होतं. आठवीच्या पुढे न शिकलेल्या मुलाने स्वतःच्या डोक्याने एवढं यंत्र उभं केलं, हे मान्यच करायला हवं. उणीव होती ती दुसऱ्याच्या नजरेची. पात्याचा धातू किती ताण सोसेल हे मोजणारं उपकरण जवळ नव्हतं, जोड तपासणारा दुसरा तज्ज्ञ नव्हता, चाचणी करताना माणसाने किती लांब उभं राहायचं हे ठरवणारा नियम नव्हता. विमान उद्योगात ही तपासणी कारागिरीइतकीच महत्त्वाची मानतात, कारण यंत्रात साठलेली ताकद मोठी असली की एका सुट्या भागाची चूकही जिवावर बेतते.

घरातली यंत्रं आपल्याकडे घरीच दुरुस्त होतात. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप, यांतलं काहीही बिघडलं की स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. पिस्तूलही एक यंत्रच आहे. त्यात नळी, स्प्रिंग, पिना आणि खिळे एवढेच भाग दिसतात. मिक्सरपेक्षा ते साधंच वाटतं. म्हणून परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घरात असलेल्या माणसाचा हात त्याच सवयीने त्याच्याकडे वळतो. हा हात किती पुढे जाऊ द्यायचा आणि नेमका कुठे थांबवायचा, याचं उत्तर या प्रकरणात आहे.

नळीतला दाब

भारतात सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर बहुतेक .३२ आणि .२२ बोअरची असतात. सैन्य आणि पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटरचं पिस्तूल सर्वसाधारण परवान्यात बसत नाही. आयुध निर्माणीचं ‘अशनी’ हे .३२चं पिस्तूल आहे. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने जानेवारी २०१४मध्ये बाजारात आणलेलं ‘निर्भीक’ हे त्याच बोअरचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर. त्या वेळी त्याची किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात होती.

.३२च्या पिस्तुलात जे ७.६५ मिलिमीटरचं काडतूस वापरतात, त्याला युरोपातल्या प्रमाण नियमांनुसार जास्तीत जास्त १६०० बार दाब मान्य आहे. मोटारीच्या चाकात हवा असते ती दोन-सव्वादोन बारची. म्हणजे बोटभर लांबीच्या नळीत, डोळ्यांपासून हातभर अंतरावर, चाकाच्या सातशे पट दाब क्षणभर तयार होतो. तो पेलायला नळीचं पोलाद, काडतूस बसतं त्या खोबणीची मापं आणि मागचा दरवाजा बंद राहण्याची वेळ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. यांतली एकही गोष्ट नुसत्या डोळ्याने तपासता येत नाही.

म्हणूनच बंदुका बनवणाऱ्या देशांनी फार पूर्वीच चाचणीघरं उभारली. लंडनच्या तोफकार-बंदूककारांच्या मंडळीला १६३७मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३मध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे. तिथली रीत सोपी आहे. नव्या नळीतून नेहमीपेक्षा जास्त जोराचं काडतूस मुद्दाम उडवायचं, नळी फुगली किंवा तडकली नाही तरच तिच्यावर शिक्का मारायचा. आजच्या युरोपीय नियमांत पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी हा दाब कमाल मर्यादेपेक्षा तीस टक्के जास्त धरतात. भारतातही परवानाधारक कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या शस्त्राला अशी चाचणी द्यावी लागते. नळीवरचा तो बारीक शिक्का हा शस्त्राचा जन्मदाखला असतो. कुणी नळी घासली, कापली, खोबण मोठी केली की तो दाखला त्याच क्षणी निरर्थक होतो, शिक्का जागेवर असला तरी.

गावठी कट्टा मुळात याच कारणासाठी त्याच्या मालकाचाच शत्रू असतो. जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या सीमाभागातून येणारी अशी पिस्तुलं महाराष्ट्र पोलीस वारंवार जप्त करतात. दिसायला ती कारखान्याच्या पिस्तुलासारखी असतात. पण त्यांच्या नळीने कोणत्याही चाचणीघराचं तोंड पाहिलेलं नसतं. असं शस्त्र जवळ बाळगणं हा गुन्हा आहेच, शिवाय ते कोणत्या बाराला फुटेल हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

कायद्याची रेघ

शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या पाचव्या कलमात उत्पादन आणि विक्रीच्या रांगेतच ‘दुरुस्ती’, ‘रूपांतर’ आणि ‘चाचणी’ हे शब्द आहेत. या कामांसाठी वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना हा दुरुस्तीचा परवाना नव्हे, ही गोष्ट कित्येक परवानाधारकांच्या ध्यानात नसते. पिस्तूल माझं, ते मीच दुरुस्त केलं तर बिघडलं काय, असं त्यांना मनापासून वाटतं.

डिसेंबर २०१९मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा कडक झाल्या. पाचव्या कलमाचा भंग करून शस्त्र बनवणं, विकणं, रूपांतरित करणं, दुरुस्त करणं यांना आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं.

पुसणं, तेल देणं, कारखान्याच्या पुस्तिकेत मालकासाठी सांगितलं आहे तेवढं उघडून पुन्हा बसवणं ही निगा आहे. भाग घासणं, वाकवणं, बाहेरून आणलेला भाग बसवणं, स्प्रिंग कापणं ही दुरुस्ती किंवा रूपांतर आहे. गावाकडच्या परवानाधारकाला जिल्ह्याच्या ठिकाणी, कधी त्याहूनही लांब, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं आणि हे अंतरच त्याला कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे किंवा लेथवाल्याकडे ढकलतं. त्या कारागिराच्या हातात कितीही कला असो, पिस्तूल त्याच्या दुकानात गेलं की दोघंही कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

आधी रिकामं, मग बाकी सगळं

घरातल्या निगेचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग चिंधी हातात घेण्याआधीच असतो. शस्त्र रिकामं आहे याची खात्री करणं, हाच तो भाग. ‘साफ करताना गोळी सुटली’ अशी बातमी वाचताना साफसफाई धोकादायक आहे असा समज होतो; प्रत्यक्षात साफसफाई सुरूच झालेली नसते. रिकामं आहे असं गृहीत धरलेलं शस्त्र भरलेलं निघतं.

पिस्तुलात हा फसवणुकीचा सापळा यंत्राच्या रचनेतच आहे. मुठीतलं मॅगझिन बाहेर काढलं की गोळ्या दिसतात आणि माणसाला वाटतं, सगळं निघालं. पण एक गोळी आधीच वर नळीच्या खोबणीत जाऊन बसलेली असू शकते. मॅगझिन काढल्याने ती हलत नाही. उलट क्रमही तितकाच घातक आहे. आधी वरची स्लाइड मागे ओढून खोबणीतली गोळी काढली आणि मॅगझिन आतच राहिलं, तर स्लाइड पुढे जाताना दुसरी गोळी खोबणीत घेऊन जाते. म्हणून क्रम एकच: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, मग उजेडात खोबणीत डोकावायचं आणि करंगळीचं टोक घालून ती मोकळी असल्याचं स्पर्शानेही पाहायचं. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरकी बाहेर काढून सगळी घरं एकेक करून पाहायची. हे होईपर्यंत बोट चापावर जायचं नाही आणि नळीचं तोंड कुणाकडेही वळायचं नाही. भिंतीकडे वळवतानाही भिंतीपलीकडे कोण आहे याचा विचार हवा, कारण .३२ची गोळी पातळ पार्टिशन सहज ओलांडते.

काही पिस्तुलं उघडण्यासाठी आधी चाप ओढावा लागतो. ऑस्ट्रियातल्या ग्लॉक कंपनीची १९८०च्या दशकापासूनची पिस्तुलं अशा रचनेची आहेत. ज्याने खोबण पाहिलेली नसते, त्याला हीच पायरी सर्वांत महागात पडते. काडतुसं तर ज्या खोलीत काम चालतं त्या खोलीतच नसावीत, दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत.

१ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतल्या जुहूच्या घरी घडलेला प्रकार सर्वांना आठवत असेल. कोलकात्याला निघण्याआधी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात गुडघ्याखाली लागली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. तिथे दुरुस्ती चालली नव्हती, साफसफाईही नव्हती. शस्त्र एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवणं एवढीच ती कृती होती. भरलेलं शस्त्र घरात हाताळताना कोणतीच कृती किरकोळ नसते, हे त्यावरून कळतं.

पडल्यावर शस्त्र का सुटतं, हेही समजून घेण्यासारखं आहे. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मागचा घोडा थेट काडतुसाच्या बुडाशी टेकून राहतो. शस्त्र पाठीवर पडलं की जमिनीचा धक्का घोड्यातून सरळ काडतुसाच्या टोपीवर पोचतो. नंतरच्या रचनांमध्ये घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक पट्टी घातली, जी चाप पूर्ण ओढला तरच वर येते. अमेरिकेतल्या रूगर कंपनीने १९७३पासून आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही पट्टी बसवली आणि पुढे जुन्या ग्राहकांच्या शस्त्रांतही ती फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. आधुनिक पिस्तूलही या परीक्षेत नापास होऊ शकतं. सिग सावर कंपनीचं पी३२० ठरावीक कोनात पडलं की सुटू शकतं हे २०१७मध्ये उघड झालं आणि कंपनीने ते सुधारून देण्याची तयारी दाखवली. दोन्ही वेळा सुधारणा झाली ती कारखान्यात. मालकांना कुणी घरी भाग बदलायला सांगितलं नाही.

काजळी, मीठ आणि पावसाळा

निगा हवी ती का, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. काळी दारू जळली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे राहतो. धुराबरोबर तो नळीला चिकटतो आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. कोकणात शेतराखणीसाठी ज्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते, त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. वापर झाल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावल्याशिवाय बंदूक खुंटीला लावायची नाही, ही तिथली पक्की शिस्त असते. कोकणच्या पावसात एका रात्रीची हयगयही गंजायला पुरते.

१८८४मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू तयार केली आणि काजळी खूप कमी झाली. तरी काडतुसाच्या टोपीतलं जुनं मिश्रण बरीच वर्षं तेच राहिलं. त्यातून जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा मिठासारखा क्षार मागे राहायचा. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून ब्रिटिश काळातल्या शिपायांना रायफलच्या नळीत उकळतं पाणी ओतायला शिकवत. जुन्या साठ्यातली काडतुसं अजूनही कुणाच्या कपाटात सापडतात आणि अशा काडतुसांनंतर नुसत्या तेलाने केलेली सफाई पुरत नाही, ती याच कारणाने.

सफाईकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याचा सर्वांत महागडा धडा अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये घेतला. नवी एम-१६ रायफल सैनिकांच्या हातात पडली तेव्हा तिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला होता आणि अनेकांना सफाईचं साहित्यच मिळालं नव्हतं. त्यातच काडतुसातली दारू बदलली, काजळी वाढली. नळीच्या खोबणीला क्रोमचा थर नव्हता, दमट हवेत ती गंजली. ऐन चकमकीत रिकामी काडतुसं आत अडकू लागली. १९६७मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. पुढे खोबणीला क्रोम चढवलं, सफाईचं साहित्य दिलं आणि १९६८मध्ये सैन्याने विल आयस्नर या नामांकित चित्रकथाकाराकडून सफाईची सचित्र पुस्तिका काढून घेतली. कंटाळवाण्या नियमावलीपेक्षा चित्रकथा शिपाई वाचतील, हा हिशेब बरोबर ठरला.

विदर्भातल्या परवानाधारकाची अडचण वेगळी असते. त्याचं शस्त्र वर्षानुवर्षं एकदाही चालत नाही. काजळी नसते, पण पावसाळ्याचे चार महिने दमट हवा असते, उन्हाळ्यात धूळ असते आणि निवडणूक लागली की प्रशासनाच्या आदेशाने शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. तिथून ते परत आलं की लगेच पुसून, तपासून ठेवलं तर ठीक. नाहीतर बोटांच्या घामाचे ठसे पोलादावर गंजाच्या रूपाने उमटतात.

घरी काय करावं

साहित्य थोडं लागतं: सुती चिंध्या, त्या बोअरच्या मापाचा पितळी किंवा ब्राँझचा ब्रश, सळई, शस्त्रांसाठीचं सफाई द्रव आणि पातळ खनिज तेल. लोखंडी ब्रश किंवा पॉलिश पेपर नळीत घालायचा नाही, कारण नळीच्या आतले पिळाचे कंगोरेच गोळीला फिरकी देतात आणि ते बोथट झाले की नेम गेला. पिस्तुलाची नळी वेगळी निघत असेल तर सळई मागून घालून तोंडाकडे न्यावी. सळई तोंडाकडून घातली आणि तोंडाची कड झिजली, तर गोळी नळी सोडते त्या शेवटच्या क्षणीच तिची दिशा बिघडते.

तेलाच्या बाबतीत घरगुती उपाय नडतात. खोबरेल तेल हाताशी असतं म्हणून ते लावणारे बरेच असतात. पण खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजतं आणि यवतमाळकडच्या थंडीत पारा त्याच्या कितीतरी खाली उतरतो. पिनेच्या बारीक भोकात थिजलेलं तेल म्हणजे वेळेवर न चालणारं शस्त्र. जवसाचं तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं. जास्त तेलही वाईटच. ते धूळ धरून ठेवतं आणि झिरपत काडतुसाच्या टोपीपर्यंत गेलं तर बार फुसका जातो. बोटाला जेमतेम जाणवेल एवढा थर पुरतो.

चामड्याच्या म्यानात पिस्तूल कायमचं ठेवणं ही आणखी एक सर्रास दिसणारी चूक. चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं त्यात शिल्लक असतात. त्याने पोलाद गंजतं, पितळी काडतुसांवर हिरवी पुटं चढतात. म्यान नेताना वापरायचं, ठेवताना नाही. अशा हिरव्या पडलेल्या किंवा फार जुन्या काडतुसांना घासून चमकवत बसू नये. पुण्याजवळच्या खडकीत १८६९पासून दारूगोळा कारखाना आहे आणि कित्येक भारतीय काडतुसांच्या बुडावर त्याची ‘केएफ’ ही अक्षरं असतात; कारखान्याचा माल उत्तम असला तरी कपाटात वीस-तीस वर्षं पडलेलं काडतूस भरवशाचं राहत नाही. ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे रीतसर द्यावं.

आणि शिसं. गोळीत शिसं असतं, बऱ्याच काडतुसांच्या टोपीतही शिशाची संयुगं असतात, म्हणून नळीतून निघणारी काळी घाण विषारी असते. ही सफाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करायची नाही. खिडक्या उघड्या ठेवायच्या, काम चालू असताना काही खायचं नाही, तंबाखू मळायची नाही, शेवटी साबणाने हात धुवायचे. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा सर्वांत जास्त अपाय होतो, त्यामुळे वापरलेल्या चिंध्याही त्यांच्या हाती लागता कामा नयेत.

हात कुठे थांबवायचा

जॉन ब्राउनिंग यांनी आखलेलं कोल्ट कंपनीचं पिस्तूल १९११मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलं. निवडीच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत सहा हजार गोळ्या झाडल्या. तापलं की ते पाण्यात बुडवून थंड करत. एकही बिघाड झाला नाही. त्या पिस्तुलाची दुसरी थोरवी कमी लोकांना ठाऊक असते. सफाईपुरतं ते सुटं करायला कोणतंही हत्यार लागत नाही. ब्राउनिंग यांनी शिपायाने काय उघडायचं आणि काय नाही, हे रचनेतच ठरवून टाकलं होतं. पुढच्या बहुतेक सगळ्या पिस्तुलांनी तोच पायंडा पाळला. स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन हाताने सुटतात. चाप, घोडा आणि त्यांच्यामधली अडकण आतच राहते. घरच्या मालकासाठी हीच खूण पुरेशी आहे. पुढे जायला हातोडी, पंच किंवा पक्कड लागू लागली, की तिथे मालकाचं काम संपलं.

ही अडकणच सर्वांना खुणावते. चाप जड वाटतो, ‘जरा हलका करून घेऊ’ असं मनात येतं. पण घोड्याला रोखून धरणारे दोन्ही काठ एकमेकांत केसाएवढेच गुंतलेले असतात. त्यांच्या पोलादाचा वरचा पातळ थर तेवढा कठीण केलेला असतो. कानशीने तो निघाला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं आणि भराभर झिजतं. सुरुवातीला सगळं छान वाटतं. काही दिवसांनी स्लाइड जोरात मिटल्याबरोबर किंवा पिस्तुलाला धक्का लागल्याबरोबर घोडा निसटतो, चापावर बोट नसतानाही. कमजोर किंवा कापलेल्या स्प्रिंगचीही हीच गत: एकतर टोपीवर पुरता ठोका बसत नाही, नाहीतर स्लाइडचा वेग बिघडून रिकामं काडतूस अडकतं. हा दोष घरी तपासून कळत नाही, कारण तो दहापैकी नऊ वेळा दिसत नाही.

नेमबाजांची शिस्त

पिस्तुलाची नियमित निगा महाराष्ट्रात सर्वांत नेटाने कुणी राखत असेल तर ते नेमबाज. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवॉन इथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात विश्वचषक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुण्याच्या बालेवाडीत किंवा मुंबईतल्या वरळीच्या रेंजवर सराव करणारी मुलं दर सत्रानंतर पिस्तूल पुसतात, छर्ऱ्यांची डबी बंद करतात आणि मगच बॅग उचलतात.

दहा मीटर प्रकारातलं एअर पिस्तूल दारूवर चालत नाही, पण त्याच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते. त्या नळकांड्यावर तारीख असते, साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि ती संपली नाही ना हे पाहणं आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवरच सोपवलं आहे. वीस जूलपेक्षा कमी ताकदीच्या, ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला भारतात शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून कित्येक घरांत ते खेळण्यासारखं हाताळलं जातं. मुदत संपलेलं नळकांडं पुन्हा भरत राहणं किंवा गळती थांबवायला घरी त्याची झडप उघडणं हे मात्र खेळणं नव्हे. चापाचं वजनही नियमाने बांधलेलं असतं: एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम. स्पर्धेआधी ते वजन टांगून मोजतात. .२२च्या पिस्तुलात काडतूस न घालता चाप ओढण्याचा सराव करायचा तर नकली काडतूस घालावं लागतं, कारण पिन थेट खोबणीच्या काठावर आपटून तिथे खड्डा पडतो.

यंत्र कुणाचंही बिघडतं. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांचं एअर पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. रेंजबाहेर नेऊन ते ठीक करून आणेपर्यंत मोलाची मिनिटं गेली; त्या ५७५ गुणांवर बाराव्या आल्या आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.  तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्यांनी कांस्य मिळवलं.

ज्यांच्या घरी परवान्याचं शस्त्र आहे त्यांनी दोन कामं आजच करावीत. शस्त्रासोबत आलेली पुस्तिका शोधावी आणि मालकाने काय उघडायचं ते तिच्यात पाहून घ्यावं. जवळच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याचा पत्ता परवान्यासोबत ठेवावा आणि वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, शस्त्र त्याला दाखवून आणावं. शस्त्र अडखळलं, चाप सैल वाटला, पडलं किंवा पाण्यात भिजलं, तर ते रिकामं करून कुलपात ठेवावं आणि त्या माणसापर्यंत पोचेपर्यंत वापरू नये. घरी कानस हातात घेऊ नये.